किराणा यादीच्या मागच्या बाजूला

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मीराच्या शाळेतल्या, कॉम्प्युटरच्या पिढ्यांच्या तक्त्याचा फोटो मिळाला. अक्षर सुरेख काढलंय पोरीने. पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, मग आयसी, मग मायक्रोप्रोसेसर, सगळं जिथल्या तिथे. पण आकडेमोडीच्या यंत्राचा आराखडा करणारे बॅबेजसाहेब सोडले तर अख्ख्या तक्त्यात माणूस म्हणून नाही गं. नऊ वर्षं त्या यंत्रांना घास भरवून मी घर चालवलं, म्हणून जरासं लागलं इतकंच. फोनवर सांगायला गेले असते तर तू ‘आई, कॉलवर आहे’ म्हणाली असतीस.

सोबत तेव्हाचं एक भोकं पाडलेलं कार्ड ठेवलंय. जपून हाताळ, माझ्याकडे हे एवढंच उरलंय. एका बाजूला माझ्या अक्षरात ‘तूरडाळ २ किलो, हिंग, साबण, सायलीची चौकटीची वही’ असं लिहिलेलं दिसेल. बाद कार्डं आम्ही पिशवीतून घरी आणायचो. जाड, गुळगुळीत कागद, याद्यांना झकास. आता ते उलटं कर आणि खिडकीसमोर धर. ऐंशी उभे रकाने, बारा आडव्या ओळी. अंक असेल तर रकान्यात एक भोक, अक्षर असेल तर दोन. एक कोपरा तिरका कापलाय तो मुद्दाम. गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं गेलं की बोट फिरवताच कळायचं.

मी पंच ऑपरेटर होते. मी फॉर्म बघून कार्ड पंच करायचे आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तोच फॉर्म समोर ठेवून व्हेरिफायरवर सगळं पुन्हा टाइप करायची. दोघींचं जुळलं की कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडायची. नाही जुळलं तर चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर. संध्याकाळी केसांत, ब्लाऊजच्या बाहीत कागदाच्या बारीक टिकल्या सापडायच्या. तुझे बाबा म्हणायचे, रोज कोणाच्या लग्नाला जाऊन येतेस?

पावसाळा म्हणजे वैताग. दमट हवेने कार्डं फुगायची आणि ती वाचणाऱ्या यंत्रात, रीडरमध्ये, अडकायची, म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत एसी, आम्ही मात्र पंख्याखाली. अशाच एका जुलैत माझ्या हातून ट्रे निसटला आणि दोनेक हजार कार्डं पॅसेजभर पसरली. शहाणी माणसं गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनने एक तिरकी रेघ मारून ठेवायची, म्हणजे क्रम बिघडला तर रेघेवरून जुळवता यायचा. मी मारली नव्हती. त्या दिवशी शेवटच्या लोकलने घरी आले.

ही भोकं कॉम्प्युटरपेक्षा फार जुनी. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जॅकार्डने मागाला भोकांची कार्डं लावली. कुठला धागा वर उचलायचा ते कार्ड सांगायचं. पुढे अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची मोजदाद वर्षानुवर्षं रेंगाळली, तेव्हा हर्मन हॉलरिथने १८९० च्या जनगणनेसाठी माणसागणिक एक कार्ड केलं. कार्डावर सुयांचा दट्ट्या दाबायचा. भोक असेल तिथून सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्याला टेकायची, विजेचा मार्ग पुरा व्हायचा आणि तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. बस्स, एवढंच. याच हॉलरिथची कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांत मिळून आयबीएम झाली.

मीराला मात्र एनिॲकची, म्हणजे अमेरिकेत युद्धकाळात बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरची गोष्ट नीट सांग. ‘कॉम्प्युटर’ हे तेव्हा माणसाच्या नोकरीचं नाव होतं, आपल्याकडे कारकून म्हणतात तसं. दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फियाला मुलींची फौज बसून तोफगोळ्यांच्या मार्गाचे तक्ते करायची. एकेक मार्ग काढायला आकडेमोडीचं यंत्र हाताशी असूनही तीस-चाळीस तास. १९४५ मध्ये त्यांतल्या सहा जणींना एनिॲकसाठी निवडलं. यंत्र तीस टनांचं, ट्यूब जवळजवळ अठरा हजार, आणि सुरुवातीला या मुलींना त्या खोलीत जायचीच परवानगी नाही! हाती फक्त सर्किटचे नकाशे. त्यावरून त्यांनी ते ओळखून काढलं, मग केबली खुपसून आणि स्विच फिरवून त्याला गणित घातलं. आकडे आत जायचे ते आमच्यासारख्या कार्डांवरूनच. फेब्रुवारी १९४६ मध्ये सगळ्यांसमोर प्रयोग झाला. जो गोळा पडायला तीस सेकंद लागतात त्याचा मार्ग एनिॲकने वीस सेकंदांत काढला. तो प्रोग्राम बेटी स्नायडर आणि बेटी जेनिंग्ज यांनी बसवला होता. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र दोघींनाही नव्हतं. हे मी वाचलं तेव्हा चहा गार झाला माझा.

आपल्या मुंबईतही १९६० मध्ये टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, इथेच बांधलेलं यंत्र सुरू झालं, २७०० ट्यूबांचं. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. त्याच्या मेमरीत मीराने पाठवलेला फोटो मावला नसता.

आता कार्ड पुन्हा हातात घे. उजव्या कडेला खाच नाही, वर आहे. म्हणजे चूक माझी, म्हणून तर ते घरी आलं. आमची यंत्रं कार्डावर अक्षरं छापायची नाहीत, तेव्हा भोकंच वाचावी लागतील. खाचेखालच्या रकान्यात ७ हवा होता. मी काय पाडलंय, ते मीराला शोधू दे आणि मला कळव.

तुझी,
आई