काका, टकटक थांबली

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. एक तर तुमचे आभार चारचौघांत मानायला हवेत. दुसरं म्हणजे 'घरी गाणं रेकॉर्ड करतो, विंडोज काढून लिनक्स टाकायचंय, काय करू?' हा फोन तुम्हाला कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठून ना कुठून येतच असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. मग धडधाकट चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपचं करायचं काय, असा प्रश्न घराघरांत आला. यापुढे फोन आला की हे पत्र पुढे पाठवा, तुमची दुपारची झोप तरी वाचेल.

तुमचं पहिलं वाक्य ऐकून माणूस चक्रावतो. 'लिनक्सचं नंतर बघू, आधी विंडोजवरच रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदला.' पण त्यातच सगळी मेख आहे. क्यूबेस, एबल्टन लाइव्ह, एफएल स्टुडिओ यांची लिनक्स आवृत्ती निघत नाही. रीपर आणि आर्डर ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं दोन्हीकडे चालतात. महिनाभर विंडोजवरच रीपरमध्ये हात बसला, की लिनक्सवर गेल्यावर नवी राहते ती फक्त खालची जमीन. दोन्ही एकदम बदललं, तर काही अडलं की सॉफ्टवेअर चुकतंय की सिस्टिम, हेच कळत नाही. 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हे तुम्ही इतक्यांदा म्हटलंय की आता आम्हीही दुसऱ्यांना तेच ऐकवतो.

जुनी गाणी सुटी करून आणायची. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून पूर्ण लांबीचा, २४ बिट वेव्ह, मूळच्याच सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो आकडा). एक प्रत इफेक्टसकट, एक कोरी. मिडी (कुठला सूर कधी वाजला याची नुसती नोंद) वेगळी काढायची आणि गाण्याचा टेम्पो कागदावर लिहून ठेवायचा. जागेचा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दिला होता: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. बारा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५१८ एमबी, दोन प्रती धरल्या की एक जीबीच्या वर. फाइलींच्या नावांत कॅपिटल-स्मॉलचा घोळ आधीच निस्तरायचा. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं, आणि मग प्रोजेक्ट उघडताना 'फाइल सापडत नाही'.

मग तुमचा तो १६ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यावर उबुंटू स्टुडिओ २४.०४, म्हणजे रेकॉर्डिंगसारख्या कामांसाठी बेतलेलं लिनक्स. लॅपटॉप त्यावरून चालू करायचा, काहीही इन्स्टॉल न करता इंटरफेस (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारी डबी) यूएसबीला लावायचा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघायचं. 'क्लास कम्प्लायंट', म्हणजे यूएसबीच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे चालणारा, इंटरफेस असेल तर ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. लागणारा भाग कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. एएसआयओ हा विंडोजवरच्या ऑडिओ ड्रायव्हरचा शब्द इथे विसरायचा. विंडोजही शेजारी ठेवायचं असेल, तर आधी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करायचं. ते चालू असताना विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची. नंतर ती शोधणं म्हणजे लग्नघरात चष्मा शोधणं. रेकॉर्डिंगसाठी डिस्कचा वेगळा भाग लिनक्सच्या एक्स्ट-फोर पद्धतीने फॉरमॅट केलेला बरा.

आता रेकॉर्डिंगमध्ये येणारी टकटक. ताणलेल्या पडद्यावर नख मारल्यासारखा आवाज, कधी तासात एकदा, कधी मिनिटात दहादा. इथे बहुतेक जण सैरावैरा सगळी बटणं दाबत सुटतात. तुम्ही सांगितलंत, आधी मोजा. टर्मिनल उघडून 'पीडब्ल्यू-टॉप' (pw-top) चालवायचं. पाइपवायर म्हणजे लिनक्समध्ये आवाजाची ने-आण करणारी यंत्रणा. तिच्यातून जाणारा प्रत्येक आवाज त्यात एकेका ओळीत दिसतो: बफर (एका वेळी पुढे जाणारा आवाजाचा तुकडा) किती, रेट किती, आणि 'ERR' रकान्यात चुका किती. टक झालं आणि तो आकडा वाढला, तर तो एक्सरन, म्हणजे आवाज वेळेत पोचला नाही. आकडा जागचा हलला नाही, तर दोष केबलमध्ये, माइकमध्ये किंवा विजेत.

एक्सरन का होतो तेही एकदाच नीट कळलं की भीती जाते. बफर १२८ सॅम्पलचा आणि रेट ४८ हजार, म्हणजे दर २.६७ मिलिसेकंदांनी प्रोसेसरला भरलेलं ताट पुढे सरकवायचंय. तेवढ्यात वायफायच्या ड्रायव्हरने त्याला अडवून धरलं की ताट रिकामं जातं. म्हणून क्रमाने: वायफाय बंद. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर, कारण वीज वाचवण्यासाठी त्याचा वेग खालीवर होतो आणि वर यायला उशीर लागतो. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला. आपलं खातं 'ऑडिओ' गटात हवं आणि त्या गटाला रिअलटाइम प्राधान्य ९५ व मेमरी लॉक अमर्याद. हे केल्यावर लॉगआउट करून परत आत यायचं, नाहीतर काही बदललेलं नसतं आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा दहा मिनिटं रेकॉर्डिंग, पुन्हा तो रकाना. लिनक्स ६.१२ पासून रिअलटाइमचा (वेळ काटेकोर पाळण्याचा) भाग मूळ कर्नेलमध्येच आला आहे, पण घरच्या कामाला उबुंटू स्टुडिओचं लो-लेटन्सी, म्हणजे कमी उशिराचं कर्नेल पुरतं हे तुमचं मत आम्हाला पटलंय.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात आणखी एक गंमत. माइकसाठी छताचा पंखा बंद करायचा, खोली तापते, लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो आणि सकाळी बिनबोभाट चाललेला सेटअप दुपारी टकटकायला लागतो. वर लॅपटॉपचा स्वतःचा पंखा माइकमध्ये. तीन मीटरची चांगली यूएसबी केबल घेऊन लॅपटॉप दाराबाहेर ठेवायचा, हा तुमचा उपाय सगळ्यात स्वस्त.

आणि बफर कमी करण्याचा हव्यास. ६४ वर चालवून दाखवण्यात लोकांना पराक्रम वाटतो. तुम्ही विचारलंत, 'वाजवताय काय?' मिडी कीबोर्डवरून आवाज काढायचा असेल किंवा गिटार सॉफ्टवेअरच्या अँपमधून ऐकायची असेल, तरच छोटा बफर लागतो. गळा, हार्मोनियम, तबला यांना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे. आवाज कंप्युटरकडे न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर १०२४ ठेवा, २१ मिलिसेकंद झाले तरी गाणाऱ्याला ते ऐकूच येत नाहीत. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग त्या ट्रॅकला बंद हवं, नाहीतर गळा दोनदा ऐकू येतो आणि पिंपात गायल्यासारखं वाटतं.

ऐकू आलं नाही तरी ते मिलिसेकंद नोंदवलेल्या ट्रॅकमध्ये उतरू शकतात, हे मात्र फार थोडे सांगतात. आधीच्या ट्रॅकवर तबला वाजवला, तर सॉफ्टवेअर उशीर वजा करून तो मागे सरकवतं. पण इंटरफेसच्या आतला उशीर त्याला ठाऊक नसतो. तो मोजायचा. हेडफोन काढून ठेवायचे, इंटरफेसच्या आउटपुट एकपासून इनपुट एकला केबल जोडायची आणि आर्डरच्या ऑडिओ सेटअपमधलं कॅलिब्रेशन चालवायचं. आलेला आकडा त्याच बफरसाठी जपून ठेवायचा. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय धरली तर मात्रा २५० मिलिसेकंदांची, चौगुणीत एक बोल ६२.५ चा. पंधरा मिलिसेकंदांची चूक म्हणजे पाव बोल. सम चुकत नाही, पण 'तबला ओढतोय' असं वाटत राहतं, आणि बोलणी खातो बिचारा तबलजी.

स्वराची गोष्ट याहून मजेची. जुनं ४४.१ चं सेशन ४८ वर चालणाऱ्या पाइपवायरवर उघडलं की आर्डर रेट जुळत नसल्याची सूचना देतो. ती न वाचता 'हो' दाबलं आणि रेटचं रूपांतर झालं नाही, तर गाणं सुमारे दीड सेमिटोन वर चढतं. काळी एकचा तानपुरा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो, पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही, आणि दोष पेटीवाल्याच्या माथी. उपाय दोनच: सेशनच्या रेटला यंत्रणा आणायची, म्हणजे आर्डरमध्ये अल्सा (पाइपवायरला वगळून थेट इंटरफेसशी बोलणारा मार्ग) निवडून रेट ४४.१ द्यायचा, नाहीतर कोऱ्या ४८ च्या सेशनमध्ये फाइली इम्पोर्ट करायच्या, म्हणजे रूपांतर आर्डरच करतो. अल्साने इंटरफेस 'बिझी' दाखवला, तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये त्याचं प्रोफाइल 'ऑफ' करायचं. एरवी पाइपवायरमधून काम करताना तिथेच 'प्रो ऑडिओ' निवडायचं, म्हणजे सगळी इनपुट सुटी दिसतात.

प्लगइनबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या इफेक्ट आणि वाद्यांबद्दल, तुम्ही गोड बोलला नाहीत, हे बरं केलंत. आयलॉक किंवा डोंगल (परवाना तपासणारी कुलपं) मागणारी विंडोजची प्लगइनं सोडून द्यायची. बाकीची वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं) आणि याब्रिज (ती प्लगइनं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडणारं) यांवरून बरीच चालतात, पण वाइन ९.२१ वर थांबवून ठेवायचं, ९.२२ पासून याब्रिजच्या खिडक्यांत माउसची जागा चुकते. तानपुरा आणि आवाजाच्या मिक्सिंगला एलएसपी, ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब, सर्ज एक्सटी या लिनक्सवर थेट चालणाऱ्या प्लगइनांत बहुतेकांचं भागतं.

घुमघुम आवाज म्हणजे घरच्या विजेचे ५० हर्ट्झ. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघायचं. थांबला तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला पुष्कळदा वायरच नसते. अर्थिंगची पिन मोडून घुमघुम घालवायचा सल्ला देणाऱ्यावर तुम्ही जे ओरडलात, ते योग्यच होतं. वायरमन बोलवायचा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर, आणि पेठांमध्ये ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की माइक कपाटात.

तुम्ही एकदाही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा. पेनड्राइव्ह रविवारी सकाळी आणून देतो. नारायण पेठेतल्या पेटीवाल्या आजोबांच्या लॅपटॉपला लागणार म्हणाला होतात, म्हणून पुसलेला नाही. सोबत तीन मीटरची केबलही आहे, ती तुमच्याकडेच राहू द्या.

तुमचे,
कर्वेनगरचे सगळे