पाठीतलं पाणी गोठलेलंच पोहोचावं म्हणून: इंदूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

औषधांना न जुमानणाऱ्या फिटा, दिवस कलला की वाढणारा हातापायांचा ताठरपणा, बुबुळं वर अडकून राहणं. अशा काही मुलांचा आजार रक्तात सापडत नाही. पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात (सीएसएफमध्ये) सापडतो. ग्लुट-१ चा, म्हणजे मेंदूत साखर पोहोचवणाऱ्या प्रथिनाचा दोष, डोपामिन हे मेंदूतलं निरोप्या रसायन तयार होण्यातले दोष, मेंदूतली फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता. यातल्या बऱ्याच आजारांवर किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहार, एल-डोपा, फोलिनिक ॲसिड असे उपचार आहेत, म्हणून ही खटपट.

तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत होते. नमुना बिघडतो तो इथेच, पहिल्या दहा मिनिटांत, नाहीतर वाटेत.

पाणी ठरलेल्या क्रमाने नळ्यांत घ्यायचं. पहिल्या दोनमध्ये साधारण अर्धा-अर्धा मिली, पुढच्यांत एक-एक. क्रम चुकला तर आकडे निरुपयोगी. नंतरच्या नळ्यांत वरून, मेंदूकडून उतरणाऱ्या पाण्यात डोपामिनचे अवशेष जास्त असतात आणि नॉर्मल आकडे त्या-त्या नळीपुरतेच ठरवलेले असतात. टेरिनच्या (डोपामिन बनवायला लागणाऱ्या घटकांच्या) तपासणीच्या नळीत नमुना टिकवणारं औषध आधीच घातलेलं असतं. रिकामी समजून ती कुणी धुऊन ठेवू नये! पाण्यात रक्त उतरलं तर लगेच सेंट्रीफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) वरचं स्वच्छ पाणी वेगळं काढायचं, मगच गोठवायचं. नाहीतर हिमोग्लोबिन नमुना खातं आणि ग्लायसिन हे अमिनो ॲसिड खोटंच जास्त दिसतं.

साखरेसाठी मूल ४ ते ६ तास उपाशी हवं आणि रक्त पाठीत सुई टोचण्याआधी घ्यायचं. रडारडीने रक्तातली साखर चढते, पाठीतल्या पाण्यातल्या साखरेचं रक्तातल्या साखरेशी गुणोत्तर उगाच खाली येतं. एरवी ते ०.६ च्या आसपास असतं. ग्लुट-१ मध्ये बहुधा ०.४५ च्या खाली.

गोठवणं खाटेशेजारीच व्हायला हवं. वॉर्डातल्या फ्रिजचा बर्फकप्पा कामाचा नाही. यासाठी आम्हाला द्रवरूप नायट्रोजनचा ३ लिटरचा डबा हवा आहे, गुरांच्या कृत्रिम रेतनाला वापरतात तसला. महूकडच्या पशुवैद्यक मंडळींपैकी कुणाकडे चांगला, धुतलेला डबा पडून असेल तर कळवा. नळी त्यात झाकणापर्यंत बुडवायची नाही. आत शिरलेला नायट्रोजन बाहेर काढल्यावर उकळतो आणि झाकण उडतं.

पाठवणीला प्रत्येक वेळी ५ किलो ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि निदान ५ सेंमी जाड भिंतीची थर्माकोलची पेटी लागते. लग्नात नवरानवरीच्या पायाशी धूर सोडणाऱ्या मंडळींकडे हाच ड्राय आइस असतो. लग्नसराई नसताना त्यांनी थोडा आमच्यासाठी मागवला तर मोठीच मदत. पेटी हवाबंद करायची नाही, वायू कोंडून ती फुटते. वर ‘यूएन १८४५’ हा ड्राय आइसचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि बर्फाचं वजन लिहायचं. पाठवणी सोमवार ते बुधवारच, म्हणजे पेटी रविवारी गोदामात पडून राहत नाही.

आणखी हवं आहे: बाहेरून आटे असलेल्या २ मिलीच्या क्रायोव्हायल (गोठवायच्या छोट्या नळ्या), एक छोटा सेंट्रीफ्यूज आणि विमानतळावर पेटी पोहोचवणारे चार-पाच स्वयंसेवक. विमानभाड्यासाठी रोख देणगीही चालेल. मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी पावती मिळेल.

स्वयंसेवकांनो, गाडीच्या काचा उघड्या ठेवा, एसी लावून पेटी शेजारी घेऊन बसू नका. आणि बर्फाला उघडा हात लावू नका, जाड हातमोजे कार्यालयातून न्या.

आपली,
मंडळाची आरोग्य समिती, रामबाग, इंदूर