शिरोलीतली भट्टी

प्रिय सच्या,

तू पाठवलेला तो पुलाचे गर्डर उचलून नेणाऱ्या चिनी मशीनचा व्हिडिओ बघितला, भारीच आहे, वादच नाही. पण खाली लिहिलंस ना, "आपल्याकडं असलं काय होत नाही", ते काय पटलं नाही लेका. व्हॉट्सअॅपवर भांडण्यापेक्षा म्हटलं निवांत बसून लिहावं.

परचेसला आल्यापासून माझं शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर असं कोल्हापूरच्या कारखान्यांत सारखं फिरणं असतंय. आमच्या पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, जिथं वाळूच्या साच्यात लोखंड ओतून बनवतात तिथले पॅटर्नवाले, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना बनवणारे, मिस्त्री तुला दाखवायला पाहिजेत. साठी उलटली असेल, कानाला पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांची पट्टी हातात घेतली तर आकडे आपल्या पट्टीशी जुळेनात. का, तर लोखंड थंड होताना आकसतं, ग्रे आयर्न, म्हणजे साधं ओतीव लोखंड, साधारण एक टक्का, म्हणजे मीटरला 10 मिलीमीटर धर, मग पॅटर्न तेवढा मोठा करायला लागतो, म्हणून पट्टीच मुळात ताणलेली. त्यात मशीनिंगला किती मटेरियल जास्त ठेवायचं, पॅटर्न वाळूतनं न मोडता निघावा म्हणून कडेला किती उतार द्यायचा, आतली पोकळी राहावी म्हणून कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, कुठं टेकवायचा, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरायचं. ड्रॉइंग असतंय की, पण ड्रॉइंगमध्ये तयार पंप असतो, आणि ह्यांना घडवायची असते पंपाच्या आकाराची रिकामी जागा. मला तर विचार करूनच गरगरतं.

मग वाळू. त्यात बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. मॉइश्चर मोजायचं यंत्र लॅबमध्ये आहे, रिपोर्टपण निघतो, तरी मोल्डर, म्हणजे साचा भरणारा, मूठभर वाळू घेऊन दाबणार, गोळा मधनं मोडणार, कड स्वच्छ तुटली की मान हलवणार. पाणी जास्त झालं तर ओतताना वाफ होऊन कास्टिंगमध्ये भोकं, कमी झालं तर साचाच ढासळतो. पावसाळ्यात तर रोजची कटकट.

भट्टीवरचा गडी अजून वेगळा. ओतायच्या आधी एक छोटी पाचर ओततात, पाण्यात विझवतात आणि हातोड्यानं फोडतात. टोकाकडं पांढरा, म्हणजे कडक आणि ठिसूळ, भाग किती उतरलाय ते बघून तो कमी करायला हा सांगणार, "फेरोसिलिकॉन टाका थोडं." स्पेक्ट्रोमीटरवर लोखंडात काय किती आहे ते मोजणारा पोरगा अजून सॅम्पल घासतोय तोवर ह्याचं सांगून झालेलं. आणि एसजी आयर्न, म्हणजे कमी ठिसूळ जातीचं ओतीव लोखंड, असलं की लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, मॅग्नेशियम पडतं, असला पांढरा झोत उठतो की डोळे दिपतात. त्यानं लोखंडातलं ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांसारखं बसतं, म्हणून कास्टिंग ठिसूळ राहत नाही. पण हा असर उतरत जातो, दहाएक मिनिटांत ओतून मोकळं व्हायला लागतं. तेवढ्या वेळात कोण बोलत नाही, सगळं खुणांवर, 1400 डिग्रीच्या आसपासचं लोखंड घेऊन माणसं अशी चालतात जशी लग्नात पंगतीत वाढपी.

आणि हे कोल्हापुरात आजचं नाही बरं. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये इथंच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि त्याच्यावर सिनेमे काढले. बाहेरचा कॅमेरा नाही म्हणून कोण थांबलं नाही.

एकच गोष्ट खुपते. ह्या माणसांचे पगार ऐकशील तर तुझ्या ऑफिसातल्या कॉफीच्या बिलाची लाज वाटेल. मिस्त्र्यांचा पोरगा पुण्यात कॉल सेंटरला, त्याला नावं ठेवायला आपण कोण? साच्यावर आता बिहार-ओडिशाची पोरं आहेत, त्यातला एक तर वाळू असली भरतो की मिस्त्री स्वतः त्याला हाक मारून बोलवतात, आणि मिस्त्री कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नाहीत.

तर आता आलास की रंकाळ्यावर नंतर जाऊ, आधी शिरोलीला. परवानगी मी काढतो. फक्त सुती शर्ट आणि बूट घालून ये, तुझी ती जिमची चकचकीत जर्सी नको, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटेल आणि वहिनी मला धरतील.

तुझा,
बंड्या