ताण दिला, पण पाणी कोणी सोडायचे?

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

माझ्या व्यायामाची नोंद ठेवायला आपण दिलेली दोनशे पानी वही मागच्या आठवड्यात संपली. तिच्या पहिल्या पानावर, मागच्या वर्षीच्या जानेवारीत, माझ्या स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारायच्या बैठकीचा, आकडा 110 किलो होता आणि शेवटच्या पानावर तो 127.5 आहे, पण हे आभार त्या साडेसतरा किलोंचे नाहीत. 110 चा आकडा तेव्हा तब्बल आठ महिने जागचा हलला नव्हता आणि तो का हलत नाही हे शोधायचे सोडून मी दर आठवड्याला आणखी जोर लावत होतो. ती माझी समजूत आपण मोडून काढलीत. हे पत्र मी आपल्या घरी येऊनही देऊ शकलो असतो, परंतु आमच्या तालुक्यात पोलीस भरतीची तयारी करणारी कितीतरी मुले पहाटे 1600 मीटर जीव तोडून धावतात, दिवसभर वावरात राबतात, संध्याकाळी गोळाफेक झाल्यावर पुन्हा जिममध्ये जातात आणि प्रगती थांबली की स्वतःलाच आळशी ठरवतात. माझे भरतीचे वय उलटून गेले असले तरी मी त्यांच्याहून वेगळे काही करत नव्हतो, म्हणून हे पत्र त्यांनीही वाचावे असे वाटते.

तेव्हाची माझी अवस्था आपल्याला आठवत असेलच. नोव्हेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा, म्हणजे फळांची तोडणी, सुरू झाला आणि भरलेली कॅरेट गाडीपर्यंत वाहायला मी रोज होतो. तोडा आटोपल्यावर बगीचा ताणावर सोडला, म्हणजे त्याचे पाणी तोडले, त्या दिवसांत झाडांची सल (वाळलेल्या फांद्या) काढणे आणि शेणखत टाकणे झाले, आणि जानेवारीत ताण तोडल्यावर ओलिताच्या रात्री सुरू झाल्या, कारण आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस पंपाला वीज रात्रीच मिळते. एवढे सगळे करून मी आठवड्यातून पाच दिवस जिममध्ये जात होतो आणि प्रत्येक व्यायामाचा शेवटचा सेट बार वर येईनासा होईपर्यंत ओढत होतो. वजन 71 किलोंवरून 67 वर आले होते. झोपायला वेळ मिळाला तरी झोप लागत नव्हती, घरात क्षुल्लक कारणावरून माझा आवाज चढत होता आणि सकाळी अंथरुणातून उठताना कंबर ताठलेली असायची. मी ज्या जिममध्ये जात होतो तिथे मला मन घट्ट करायला सांगितले गेले आणि पावडरचा एक डबा हाती दिला गेला. त्यांना तरी काय दोष द्यावा, मी त्यांना वावरातल्या कामाबद्दल एक अक्षरही सांगितले नव्हते. तो व्यायाम आहे असे मला स्वतःलाच वाटत नव्हते.

आपल्याकडे आलो तेव्हा आपण व्यायामाचे नावही काढले नाही. पाय बधिर होतात का, मुंग्या येतात का, वेदना मांडीतून खाली उतरते का, एवढे विचारलेत आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलेत. मणक्याचे काही नाही असे कळल्यावरच पुढचे बोलणे झाले. मी माझा पाच दिवसांचा आराखडा अभिमानाने वाचून दाखवला, तो आपण शेवटपर्यंत ऐकून घेतलात आणि म्हणालात, “ताण तं बरोबर दिला बापू, पन पानी कोन सोडन?”

संत्र्याच्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबरात पाणी तोडले की पाने मलूल होतात, थोडी गळतातही, आणि तेवढा ताण बसल्याशिवाय बहार नीट फुटत नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, त्यामुळे शेजाऱ्याचे दिवस मोजून आपल्या बगीच्याचे पाणी सोडता येत नाही. ताण लांबला तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात, आणि तो तोडतानाही पहिले पाणी हलकेच द्यावे लागते. एवढे ज्ञान बगीच्यात वापरणारा मी संध्याकाळी बारखाली उभा राहिलो की ते सगळे विसरत होतो. ही तुलना शेवटपर्यंत नेण्यात अर्थ नाही, हे खरे. झाडाला बहारासाठी एकदा ताण द्यायचा असतो आणि स्नायूला आठवड्यातून दोन-तीनदा. शिवाय स्नायूला उपाशी ठेवून काहीच साधत नाही. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडायला ती पुरेशी होती.

मग आपण वही दिलीत आणि पंधरा दिवस काहीही न बदलता केवळ लिहायला सांगितलेत. डाव्या पानावर जिम आणि उजव्या पानावर वावर. त्यातला एक मंगळवार मला अजून पाठ आहे. डावीकडे 90 किलोंचे पाच-पाचचे पाच सेट, म्हणजे दिवसभरात 2250 किलो. उजवीकडे ट्रॉलीतून उतरवलेल्या युरियाच्या 22 गोण्या, प्रत्येकी 45 किलोंच्या, म्हणजे 990 किलो, आणि त्या रात्री साडेतीन तासांची झोप. स्क्वॉटचे वजन आणि गोणीचे वजन असे सरळ जोडता येत नाही, हे आपणच नंतर स्पष्ट केलेत, कारण गोणी उतरवताना कंबर वाकलेली असते आणि तिच्या वाट्याला भार वेगळ्या रीतीने येतो. तरीही दोन्ही पाने शेजारी पाहिल्यावर ज्याला मी विश्रांतीचा दिवस म्हणत होतो तसा एकही दिवस त्या पंधरवड्यात सापडला नाही.

यानंतर आपण जे सांगितलेत त्याने मी चक्रावलो होतो, आणि खरे सांगायचे तर पहिले दोन आठवडे माझा त्यावर विश्वासही बसला नव्हता. मला वाटले होते की आपण वजन निम्म्यावर आणायला लावाल. आपण वजनाला जवळजवळ हातच लावला नाही आणि सेट कापलेत. हंगामात आठवड्यातून दोनच दिवस, मुख्य व्यायामाचे पाचाऐवजी दोन सेट, आणि प्रत्येक सेट आणखी दोनदा बार उचलता येईल एवढे बळ हातचे राखून थांबवायचा. कमावलेली ताकद टिकवायला फार मोठे प्रमाण लागत नाही, पण भार जड असावा लागतो. सेट कमी केले तरी बारवरचे वजन टिकवले तर ताकद कित्येक आठवडे शाबूत राहते, आणि हलक्या वजनाचे ढीगभर सेट करत राहिलो तर थकवा साठतो आणि जड भाराची सवय मात्र सुटते. आमच्याकडे याच्या अगदी उलट समजतात. अंग ठणकत असले की मुले वजन उतरवतात आणि सेट वाढवतात, आणि त्यालाच आराम म्हणतात.

त्यामागचे कारण आपण अगदी साधे करून सांगितले होते. जड व्यायामानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने घडवण्याचे काम साधारण 24 ते 48 तास वाढलेल्या वेगाने चालते, आणि स्नायूबंध तर स्नायूंपेक्षा सावकाश सावरतात. हे काम चालू असताना त्याच जागी पुन्हा तेवढाच घाव घातला की आधीचे अर्धवट राहते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांवरील प्रयोगांतून शरीराच्या तीन अवस्था मांडल्या होत्या, आधी हादरा, मग तग, आणि ताण सुटलाच नाही तर थकून कोसळणे, हेही आपल्याकडूनच कळले. आपण ज्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलात, 1914 पासून चालत आलेल्या त्या संस्थेचा संघ त्याच 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेला होता. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तो सांगताना आपला चेहरा खुलला होता म्हणून लक्षात राहिला.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. शरीराच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिने धरली तर मला दिवसाला सुमारे 110 ग्रॅम लागतात, आणि वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात, हा हिशेब ऐकून आई आधी रागावली आणि मग वरण घट्ट करू लागली. त्याला अंडी, दूध, भिजवलेले हरभरे आणि सोयाबीनच्या वड्यांची जोड मिळाली. झोपेचा प्रश्न मात्र खाण्याइतका सहज सुटला नाही. वीज कधी येईल ते माझ्या हातात नाही. म्हणून ओलिताची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी बारला हात लावायचा नाही, आणि जेवणानंतर दीड तास झोपायचे, असे ठरले. भावकीत यावरून थोडी थट्टा झाली. सकाळी डोळे उघडताच, अंथरुणातून उठण्याआधी, नाडी मोजायची सवयही आपलीच. माझी नाडी एरवी 58 च्या आसपास असते. ज्या सकाळी ती 66 किंवा अधिक भरते आणि सरावाचा 60 किलोंचा बारही जड वाटतो, त्या दिवशी मी एक सेट करून घरी परततो.

सर, एक कबुली राहिली आहे. यंदाच्या मे महिन्यात वावरात काम कमी होते, अंगात बळ जाणवत होते, आणि आपल्याला न विचारता मी सलग तीन आठवडे शेवटचे जास्तीत जास्त वजन तपासून पाहिले. उन्हाचा पारा 45 अंशांवर, जिमला टिनाचे छत, आणि संध्याकाळी सहालाही आत भट्टी. तिसऱ्या आठवड्यात 120 किलोंच्या बारखाली मी बसलो तो उठलोच नाही. स्टँडच्या आडव्या दांड्यांनी बार झेलला म्हणून निभावले. आपल्याला कळवायची लाज वाटली म्हणून वहीतले ते पान मी दुमडून ठेवले होते. जूनमध्ये आपण वही चाळताना ते उलगडलेत, वाचलेत आणि काही न बोलता पुन्हा दुमडलेत. त्या दिवशी आपण रागावला असतात तर मला अधिक सोपे गेले असते.

यंदाचा तोडा पुढच्या पंधरवड्यात सुरू होईल. या वेळी कॅरेट वाहायला दोन माणसे जास्त लावली आहेत आणि तोड्याच्या आठवड्यांत जिमचे दोनच दिवस धरले आहेत, तेही तोडा नसेल त्या दिवशी. पहिल्या गाडीतले एक कॅरेट आपल्यासाठी बाजूला काढून ठेवतो. ते घेऊन येईन तेव्हा नवी वहीही सोबत आणीन. डिसेंबरची उजवी पाने मी आधीच आखून ठेवली आहेत, डावी आपण भरून द्यावीत ही विनंती.

आपला विद्यार्थी,
वरूड तालुक्यातील एक संत्रा बागायतदार