सेंद्रिय किराणा घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा

संपादक महोदय,

सुपरमार्केटातल्या सेंद्रिय कप्प्यापुढे दोन प्रकारचे गिऱ्हाईक दिसते. एक जण किंमत बघून पाकीट जागच्या जागी ठेवतो. दुसरा तांदूळ, कणीक, डाळ, बिस्किटे, मीठ असे सगळेच हिरव्या पाकिटातले उचलतो आणि बिल दुप्पट झाल्यावर दोन महिन्यांत नाद सोडतो. वास्तविक चौघांच्या कुटुंबाने महिन्याला जास्तीचे चारशे रुपये बाजूला काढले, तरी जिथे सेंद्रिय घेण्याला खरोखर अर्थ आहे त्या बहुतेक जिनसा घरात येऊ शकतात. त्यासाठी आधी काय घ्यायचे ते ठरवावे लागते आणि पाकिटाची मागची बाजू वाचावी लागते. नागपुरातल्या बऱ्याच दुकानांच्या मांडणीत हे वाचणे-ताडणे अवघड झाले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

सेंद्रिय अन्नपदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून दुकानात येणाऱ्या पाकीटबंद मालाला दोनपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. पहिली पद्धत एनपीओपीची, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. तिच्यात त्रयस्थ संस्था शेतापासून गिरणीपर्यंत तपासणी करते. पाकिटावर त्या संस्थेचे नाव आणि ‘एनपीओपी/एनएबी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. दुसरी पद्धत पीजीएस-इंडियाची. तिच्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेते तपासतात. तपासणीचा खर्च कमी, त्यामुळे मालही बरेचदा स्वस्त पडतो. खिशाकडे बघून घेणाऱ्याने पीजीएसचे पाकीट कमी प्रतीचे समजू नये. त्यावर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असे लिहिलेले असेल, तर जमीन अजून रूपांतरणाच्या काळात आहे, एवढाच त्याचा अर्थ. रसायने थांबली आहेत, ठरलेली मुदत भरायची आहे. एनपीओपीत ही मुदत हंगामी पिकांना दोन वर्षे आणि फळझाडांना तीन वर्षे आहे. असा माल भाव बरा असेल तर जरूर घ्यावा.

वर्तुळात हिरवे पान आणि बरोबरची खूण असलेले ‘जैविक भारत’ चिन्ह बहुतेकांनी पाहिलेले असते. हे चिन्ह आणि एनपीओपीचे ‘इंडिया ऑरगॅनिक’ चिन्ह यांच्या जागी एकच सामायिक चिन्ह आणण्याचे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले आहे, त्यामुळे कप्प्यात जुनी-नवी चिन्हे शेजारी दिसली तर गोंधळून जाऊ नये.

फसगत होते ती दुसऱ्याच शब्दांनी. ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल-फ्री’, ‘गावरान’ यांतला एकही शब्द सेंद्रिय प्रमाणपत्राची जागा घेत नाही. ‘अनपॉलिश्ड’ डाळ म्हणजे फक्त पॉलिश न केलेली डाळ. ती रासायनिक शेतीतलीही असू शकते. काही कंपन्यांच्या नावातच ‘ऑर्गॅनिक’ असते आणि त्यांची सगळी उत्पादने प्रमाणित असतातच असे नाही, म्हणून दर पाकिटावर चिन्ह आणि क्रमांक वेगळा बघावा. आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान असावाच. पण ते मानांकन मालाचे मूळ गाव आणि वाण सांगते, शेतात काय फवारले ते सांगत नाही. आणि ‘सेंद्रिय मीठ’ कुणी विकत असेल तर पैसे वाचवावेत. मीठ हे खनिज आहे, ते शेतात पिकत नाही.

आता भाव. पाकिटावर एमआरपीसोबत एककाची किंमत (यूएसपी), म्हणजे एका ग्रॅमची किंवा किलोची किंमत, छापणे बंधनकारक आहे. पाकिटाच्या मागे, खालच्या शिवणीजवळ, काळ्या ठिपक्यांच्या छपाईत लॉट नंबर, पॅकिंगची तारीख, एमआरपी आणि त्यालगत ‘यूएसपी ०.२८ प्रति ग्रॅम’ असे काहीतरी दिसेल. अडचण अशी की एक किलोच्या आतल्या पाकिटावर ही किंमत ग्रॅमची असते आणि एक किलोच्या वरच्या पाकिटावर किलोची. म्हणजे एका डाळीवर ०.२८ आणि शेजारच्या दोन किलोच्या पाकिटावर २५०. घाईत मेळ लागत नाही. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणावे: ०.२८ म्हणजे किलोला २८० रुपये. आकडा दोन दशांशांपर्यंतच असल्याने किलोमागे पाच रुपये इकडेतिकडे धरावेत. शिवाय हा दर एमआरपीवर काढलेला असतो, सवलतीच्या किमतीवर नाही. सवलत असेल तर हिशेब आपणच करायचा: २०० ग्रॅमची किंमत गुणिले पाच, २५० ची गुणिले चार, ५०० ची दुप्पट. ४०० आणि ४५० ग्रॅमची पाकिटे अर्ध्या किलोच्या पाकिटाएवढीच दिसतात, त्यांचे वजन आवर्जून वाचावे.

चारशे रुपये कुठे घालायचे, हा खरा प्रश्न. याला दोन कसोट्या आहेत. त्या पिकावर फवारणी किती होते आणि फवारा बसलेला भाग आपण खातो की टाकतो, ही पहिली. महिन्याला ती जिन्नस किती लागते, ही दुसरी.

दोन्ही कसोट्यांवर पहिला नंबर मसाल्यांचा लागतो. मिरचीवर फवारण्या भरपूर होतात. ती सोलली जात नाही, बहुधा धुतलीही जात नाही, वाळल्यावर पाणी उडते आणि उरलेले सगळे दळून थेट फोडणीत जाते. धने-जिऱ्याचेही तसेच. पण लागतात किती? समजा साधे तिखट किलोला ४०० आणि सेंद्रिय ७०० रुपये आहे. महिन्याला पाव किलो तिखटात फरक पडतो ७५ रुपयांचा. हळद, धने, जिरे धरून सव्वाशेच्या आसपास. याउलट तांदूळ साधा ६० आणि सेंद्रिय ११० धरला, तर दहा किलोत पाचशे रुपये जास्त जातात. (हे भाव हिशेबापुरते धरले आहेत, दुकानागणिक ते बदलतील.) पांढऱ्या तांदळाचा तर वरचा थर, जिथे अवशेष जास्त असतात, गिरणीतच निघून गेलेला असतो. म्हणून साध्या पांढऱ्या तांदळावर समाधान मानायला हरकत नाही. ब्राउन राइस खाणाऱ्यांनी मात्र सेंद्रियच घ्यावा, कारण त्यांच्या ताटात तो थर तसाच येतो.

मसाल्यांनंतर सालीसकट खाल्ली जाणारी कडधान्ये: हिरवे मूग, मटकी, हरभरा. महिन्याला दीड किलोत साधारण १२० रुपयांचा फरक पडेल. मग गूळ. पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाने उजळलेला असतो, सेंद्रिय गूळ काळपट तपकिरी असतो. किलोमागे पन्नासेक रुपये जास्त. इथवर तीनशे रुपये झाले. उरलेल्या शंभरात किलोभर तूर डाळ किंवा मुलांच्या डब्यासाठी मनुका घ्याव्यात, कारण द्राक्षावर फवारणी जबर असते आणि मनुका सालीसकटच खाल्ल्या जातात. ज्वारी, जवस, तीळ यांवर फवारणी मुळातच कमी होते, तिथे दुप्पट दाम मोजण्यात फायदा नाही. सेंद्रिय बिस्किटे, नूडल्स आणि सरबते तर पूर्ण वगळावीत. त्यांतली साखर आणि मैदा सेंद्रिय झाला म्हणून पचायला हलका होत नाही.

भाजीचे थोडक्यात सांगता येईल. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), फुलकोबी, वांगी, भेंडी यांना प्राधान्य द्यावे. कांदा, केळी, नारळ, कलिंगड साधे चालते. संत्र्याची साल आपण काढूनच टाकतो, साल वापरून मार्मालेड करणार असाल तर गोष्ट वेगळी. सेंद्रिय पालेभाजी परवडायचा काळ म्हणजे हिवाळा. उन्हाळ्यात तोच पैसा कडधान्यांकडे वळवावा. साधी भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की पृष्ठभागावरचे बरेचसे निघते. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरलेले असते, ते मिठाच्या पाण्यानेही निघत नाही. म्हणूनच पालेभाजीला प्राधान्य.

सवलतीबद्दल सावध राहावे. सेंद्रिय माल कप्प्यातून हळू उचलला जातो, म्हणून मुदत जवळ आली की ‘एकावर एक’ लागते. अख्खे मूग, मटकी, तूर डाळ यांची मुदत दोन महिन्यांवर आलेली असली तरी घ्यायला हरकत नाही. पाकीट उजेडाकडे धरून बघावे: दाण्याला भोक, कोपऱ्यात साचलेला भुगा किंवा जाळी दिसली तर ठेवून द्यावे. शेंगदाणे, जवस, ब्राउन राइस, कणीक, तेल यांच्या बाबतीत मात्र सवलत विसरावी. त्यांतले तेल नागपूरच्या उन्हाळ्यात लवकर खवट होते, आणि पाकीट गोदामात कसे ठेवले होते ते कुठे लिहिलेले नसते.

आणि आता साठवण, जिथे सर्वाधिक पैसा वाया जातो. साध्या धान्याला गोदामात विषारी धुरी दिलेली असते, सेंद्रियला ती चालत नाही. त्यामुळे दाण्यातली अंडी जिवंत राहू शकतात आणि जूनमध्ये हवा दमट झाली की सोंडे बाहेर पडतात. (किडे पडले म्हणजे माल अस्सल सेंद्रिय, हा समजही खोटा आहे, निष्काळजीपणे ठेवलेल्या कुठल्याही धान्यात किडे पडतात.) म्हणून जून ते सप्टेंबर अर्ध्या किलोचीच पाकिटे घ्यावीत, किलोमागे दहा-वीस रुपये जास्त पडले तरी. जास्तीचा साठा करायचा तर एप्रिल-मेमध्ये. गहू आणि कडधान्ये दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरावीत आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावीत. गरम धान्य भरले की झाकणाखाली पाणी सुटते आणि बुरशी धरते. तांदूळ उन्हात टाकू नये, दाणा तडकून कणी होते. तो सावलीत वाळवावा. अख्ख्या कडधान्यांना किलोला चहाचा एक चमचा एरंडेल चोळले तर किडीला आळा बसतो. रवा, बेसन, नाचणीचे पीठ आणल्याबरोबर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावे, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर पीठ ओल धरते.

हे सांगायचे मोठे कारण म्हणजे, अनेक घरांत डाळ-तांदळाला बोरिक पावडर चोळतात, गव्हाच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या टाकतात, कुठे तर गोदामातल्या धुरीच्या गोळ्याही. धुरीच्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद घरात माणसाचा जीव घेतो. अशा गोळ्या घरात आणू नयेत, मग धान्य सेंद्रिय असो वा साधे. दुप्पट भावाने विषमुक्त डाळ आणून तिला घरी बोरिक पावडर चोळण्यात तर काहीच हशील नाही.

दुकानांकडून अपेक्षा फार नाहीत. सेंद्रिय माल साध्या मालापासून वेगळा ओळखू येईल असा मांडावा, हे २०१७ च्या नियमांतच आहे. तरी प्रमाणित डाळीच्या शेजारी, त्याच हिरव्या पाटीखाली, ‘नॅचरल’ डाळ मांडलेली दिसते. ती तिथून हलवावी. कप्प्याच्या पट्टीवर किलोचा दर मोठ्या आकड्यांत लिहावा, पाकीट कितीही ग्रॅमचे असो. सुट्या डब्यांतून ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धान्याचे मूळ पोते किंवा त्यावरचे लेबल मागितल्यावर दाखवावे. अन्न व औषध प्रशासन आणि वैधमापन (वजन-मापे तपासणारी) यंत्रणा यांनी सणासुदीला मिठाईची तपासणी होते तशी या कप्प्यांचीही करावी. स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे, तेव्हा त्याला या तपासणीचा जाच होऊ नये.

ग्राहकानेही तक्रार नीट करावी. बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, लॉट नंबर आणि शक्य असल्यास त्याच लॉटचे न उघडलेले दुसरे पाकीट जपून ठेवावे. उघडलेल्या पाकिटातला माल घरात बिघडला की दुकानात, हे नंतर सिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोट्या सेंद्रिय दाव्याची तक्रार एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात करता येते. तिच्यात पाकिटावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक न चुकता लिहावा.

आपला,
एक ग्राहक, प्रतापनगर, नागपूर