पंखा बंद करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. माझ्या इतिहासाच्या पेपरला तुम्ही खोलीवर पर्यवेक्षक होतात, एवढंच ठाऊक आहे. बारावीचा निकाल लागला, इतिहासात 74 मिळाले, घरात पेढे वाटणं चाललं होतं आणि मला सारखी तुमचीच आठवण येत होती. आई म्हणाली, मग लिही. म्हणून हे जाहीर पत्र. अकोल्यातलं कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

मी ऑटिस्टिक आहे. सवलतीत मला वेगळी खोली मिळते आणि तासाला 20 मिनिटं जादा. बाकीच्यांचा पेपर सुटला तरी माझा आणखी तासभर चालतो. पण सवलतीच्या कागदावर पंख्याचं काही लिहिलेलं नसतं. त्या खोलीतला पंखा प्रत्येक फेरीला टक् करत होता. इतरांच्या कानाला अशा आवाजाची दोन मिनिटांत सवय होते. माझ्या कानाला होत नाही. शंभरावा टक् पहिल्याइतकाच नवा, आणि दर टकला डोक्यात जुळवलेलं वाक्य सुटून जातं. आवाज, उजेड, स्पर्श यांचा हा त्रास 2013 मध्ये डीएसएम-5 या डॉक्टरांच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांत आला. पण अकरा वाजता, प्रश्नपत्रिका हातात असताना, हे कुणाला समजावत बसायचं?

दहावीला समजावून पाहिलं होतं. तेव्हाच्या केंद्रावर ऐकायला मिळालं, "दिसतेस तर चांगली धडधाकट. तुझ्यापायी आम्ही उकडून मरायचं का?" माझं दिव्यांग प्रमाणपत्र त्यांनी खोटी नोट तपासावी तसं उलटसुलट करून पाहिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, असं बाबा सांगत राहिले आणि तेवढ्यात घंटा झाली. त्याआधीचे डॉक्टर "मुली लाजाळूच असतात" म्हणून परत पाठवायचे, त्यामुळे निदान व्हायलाच आठवी उजाडली. एक मावशी तर अजूनही म्हणते, लग्न झालं की होईल सगळं नीट. (पेढे तिलाही दिलेत.)

तुम्हाला मी एवढंच म्हणाले, "मॅडम, पंख्याचा आवाज..." पुढे शब्दच फुटेना. तुम्ही उठलात आणि बटण बंद केलंत. का, कशासाठी, कागद कुठाय, काही नाही.

मग तुम्हाला घाम फुटला. तुम्ही एक कोरा कागद घेऊन वारा घ्यायला लागलात. त्याच्या फडफडीनं माझी मान वर झाली, तसा तुम्ही तो खाली ठेवलात आणि पदरानं वारा घेऊ लागलात. पण हात हलला की काचेच्या बांगड्या वाजायच्या. तुम्ही त्या कोपराकडे सरकवल्यात, वर रुमाल गुंडाळलात आणि दातांनी गाठ मारलीत. पंख्याचं मी सांगितलं होतं; बांगड्यांचं मी बोललेही नव्हते. मॅडम, ती गाठ बघून मला रडू आलं. तुम्हाला वाटलं असेल, पेपर अवघड आहे.

साडेबाराला भरारी पथक आलं. "पंखा का बंद?" माझ्या पोटात गोळा. आता पुन्हा सगळं सांगायचं, पुन्हा तेच बघणं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला वारा सोसत नाही, सर." मार्चात! अकोल्यात! साहेबांनी तुमच्या कपाळावरचा घाम बघितला, काही न बोलता निघून गेले. मग आपण दोघी हसलो. मी परीक्षेच्या खोलीत याआधी कधी हसले नव्हते.

अशी माणसं शोधायला गेलं की सापडत नाहीत आणि असतात मात्र. आमच्या चौकातले रिक्षावाले दादा मी बसले की गाणी बंद करतात. अभ्यासिकेतले काका माझ्या टेबलावरची लुकलुकणारी ट्यूब आधीच काढून ठेवतात. त्यांनी ऑटिझमवर एक ओळ वाचली नसेल. मला कधी कधी वाटतं, ऑटिझमच्या शिबिरांना येऊन हजेरीचं प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त कळतं. हे जरा तिखट झालं, पण राहू दे.

बी. ए.ला प्रवेश घेतलाय. वर्ग मोठा आहे, पंखे सहा आणि त्यातले दोन वाजतात. तिथल्या सरांना काय नि कसं सांगायचं, याची जुळवाजुळव चालू आहे. अजून जमलेलं नाही.

तुमची,
कोपऱ्यातल्या खोलीतली विद्यार्थिनी