ताण सगळ्यांमुळे, उपाय मात्र एकट्यालाच?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ताणतणावावर पान आलं होतं त्याबद्दल लिहितोय. उशीर झालाय, पण डोक्यातून जातच नाहीये. पानावर नेहमीचं सगळं होतं, दीर्घ श्वास घ्या, झोप पूर्ण करा, मोबाईल बाजूला ठेवा, निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा आणि लोक काय म्हणतील याचा विचार सोडा. झोपेचं तर मला शंभर टक्के मान्य आहे. माझं भांडण आहे ते खालच्या चौकटीशी. त्यात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा रेघांचा प्रयोग दिला होता, वर मेंढरांचं चित्र, आणि तात्पर्य काय तर माणूस कळपाच्या मागे जातो म्हणून कळपापासून सावध राहा. अहो पण हा अर्धाच प्रयोग झाला! उरलेला अर्धा छापला असता तर वरचं सगळं पान वेगळं लिहावं लागलं असतं.

ज्यांनी ती चौकट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९५१ साली अमेरिकेत ॲशने हे पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा, सांगायचं एवढंच की या तिघींतली कोणती पहिलीएवढी आहे. खोलीत सात-आठ जण, पण खरा माणूस एकच, बाकीचे सगळे ॲशने आधीच पढवून बसवलेले. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत ते एका सुरात तेच चुकीचं उत्तर देणार आणि आपल्या माणसाचा नंबर जवळजवळ शेवटी. बाकीच्यांची उत्तरं न ऐकता नुसतं कागदावर लिहून द्यायचं असेल तर चुका १ टक्क्याच्याही आत, इतकं सोपं काम. पण खोलीत बसल्यावर त्या फेऱ्यांतली साधारण ३७ टक्के उत्तरं बाकीच्यांच्या मागे गेली आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी वाहवले. इथे तुमची चौकट संपते.

आता उरलेलं ऐका. ३७ टक्के चूक म्हणजे ६३ टक्के बरोबर, तेही सगळी खोली विरोधात असताना, आणि चारातला एक तर एकदाही हलला नाही. मेंढरं असं करतात का? मग ॲशने विरोधातली माणसं कमीजास्त करून पाहिली. समोर एकच जण चुकीचं बोलला तर कोणी फारसं मनावर घेत नाही, दोघं झाले की डळमळायला होतं, आणि तीन झाले की जवळपास पूर्ण दाब आलाच, पुढे दहा-पंधरा बसवले तरी त्यात विशेष भर पडत नाही. आपण 'चार लोक काय म्हणतील' म्हणतो ना, ॲशच्या हिशोबात तीनच पुरले!

पण खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्याने त्या पढवलेल्या लोकांत एक माणूस असा ठेवला जो बरोबर उत्तर देईल. बाकी सगळं तसंच, सहा-सात जण ठासून खोटं बोलतायत, फक्त एक जण म्हणतोय की नाही बुवा, मला ही रेघ दिसते. तर चुका जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आल्या. कोणी पाठीवर हात ठेवला नाही की धीर दिला नाही, बाजूच्या माणसाने फक्त स्वतःला जे दिसतंय ते मोठ्याने सांगितलं. आणि हाच साथीदार मध्येच फिरून बाकीच्यांना सामील झाला की चुका परत धाडकन वर.

मिलग्रामच्या शॉकच्या प्रयोगाचंही असंच अर्धवट सांगितलं जातं, त्यात प्रयोग घेणारा सांगेल तसा दुसऱ्या माणसाला शॉक द्यायचा होता. ४० पैकी २६ जणांनी खोट्या मशीनचं बटण शेवटपर्यंत, म्हणजे ४५० व्होल्टपर्यंत दाबलं हे सगळ्यांना पाठ असतं. पण शेजारी बसवलेल्या दोन पढवलेल्या माणसांनी मधेच 'आम्ही नाही करणार' म्हटलं त्या फेरीत ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले, हे किती जणांनी ऐकलंय? म्हणजे माणसांच्या दाबावर उतारा म्हणून परत माणूसच लागला.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. आमच्या ऑफिसात एका मोठ्या कामाची तारीख ठरवायची मीटिंग होती. साहेबांनी तारीख सांगितली, ती ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला कारण ते काम त्याच्या दुप्पट दिवसांचं होतं. साहेबांनी विचारलंसुद्धा की कोणाला काही अडचण? आणि सगळी अळीमिळी गुपचिळी. मी आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे एकदम शांत, कोणी वहीत काहीतरी लिहितंय, कोणी मान डोलवतंय, मग मला वाटलं की यांना जमणार दिसतंय, मीच स्लो आहे. नंतरचे पाच आठवडे मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत काढले, श्वासाचं ॲपसुद्धा डाउनलोड करून झालं. सहाव्या आठवड्यात नवीन लागलेली एक मुलगी रिव्ह्यूमध्ये अगदी साधेपणाने म्हणाली, सर मला ही तारीख जमेल असं वाटत नाही, बाकीच्यांना वाटतंय का? दोन सेकंद शांतता. मग मी बोललो, मग तिसरा, आणि बघता बघता निम्मी खोली. कळलं की मान डोलवणाराही झोपत नव्हता! तारीख पुढे गेली फक्त आठ दिवस. मला झोप मात्र त्याच रात्री लागली, काम तेवढंच शिल्लक असताना.

याला मानसशास्त्रात प्लुरलिस्टिक इग्नरन्स म्हणतात, जडच शब्द आहे, अर्थ साधा की प्रत्येकाला वाटतं मीच एकटा असा आणि बाकी सगळे मजेत. प्रिन्स्टन विद्यापीठात १९९३ साली प्रेंटिस आणि मिलर यांनी विद्यार्थ्यांमधल्या दारूच्या सवयीबद्दल हेच दाखवलं, पोरांना स्वतःला तिथल्या पिण्याचं जेवढं अवघड वाटत होतं तेवढं बाकीच्यांना वाटत नाही असा बहुतेकांचा समज होता. त्याच्याही आधी १९६८ मध्ये लाटाने आणि डार्ली यांनी माणसाला फॉर्म भरायला बसवून खोलीत धूर सोडला होता. एकटा असेल तर ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले, पण शेजारी दोन पढवलेले लोक थंडपणे लिहीत बसले असतील तर फक्त १० टक्के. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला करत फॉर्म भरत राहिले. आमची मीटिंग दुसरी काय होती सांगा.

म्हणून त्या पानावर राग आहे. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्येच मांडून ठेवलंय की ताणाला तोंड द्यायच्या दोन तऱ्हा असतात, एक म्हणजे अडचणीलाच हात घालायचा आणि दुसरी म्हणजे अडचणीने मनात जे होतं ते सांभाळायचं. दोन्ही लागतात. जिथे आपल्या हातात काहीच नाही तिथे दुसरीच खरी. पण तुमच्या पानावरचे जवळपास सगळे उपाय या दुसऱ्या तऱ्हेचे होते. तारीखच चुकीची असेल तर मी कितीही खोल श्वास घेतला तरी ती हलणार आहे का? ती एकट्याने हलतही नाही, कोणीतरी दुसरा बोलावा लागतो. आणि निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा म्हणता तर त्या मुलीपासूनच लांब राहायला लागलं असतं, कारण त्या दिवशी खोलीतली एकमेव निगेटिव्ह तीच होती! (खरंच छळणारी, अपमान करणारी माणसं असतील तर लांबच राहावं, त्याबद्दल वाद नाही. आणि त्रास फार वाढला असेल तर डॉक्टर, पत्रलेखक नव्हे.)

बरं, माणसं जवळ असली की सगळं छान असंही नाही, तिथे मी स्वतःच माती खाल्ली आहे. माझा धाकटा भाऊ एका मोठ्या परीक्षेची तयारी करत होता, आमच्याकडेच राहत होता. मी रोज संध्याकाळी विचारायचो, किती झालं? टाइमटेबल करून दिलं, व्हिडिओ पाठवले, टेन्शन घेऊ नकोस हे दिवसातून तीन वेळा. मला वाटत होतं मी केवढा आधार देतोय. तो हळूहळू मित्राकडे अभ्यासाला जायला लागला. बायको मात्र त्याला परीक्षेबद्दल एक शब्द बोलायची नाही. परीक्षा झाल्यावर तो म्हणाला, दादा तू खूप केलंस, पण वहिनीने काही विचारलं नाही त्याचं जास्त बरं वाटायचं.

मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पुढे वाचण्यात आलं की २००० साली बोल्जर, झुकरमन आणि केसलर या तिघांनी नेमकं हेच तपासलं होतं. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची परीक्षा देणारे लोक आणि त्यांचे जोडीदार, दोघांनाही रोज वेगवेगळी डायरी भरायला लावली, आज मदत मिळाली का, आज मदत केली का. तर ज्या दिवशी देणारा म्हणतो मी मदत केली पण घेणाऱ्याच्या डायरीत तिची नोंदच नाही, अशा मदतीने फायदा दिसला. आणि जी मदत घेणाऱ्याला ठळक दिसत होती तिने उलट मन आणखी खाली जाण्याशी नातं दाखवलं. कारण बहुधा हे, की मदत दिसली की आपल्याला एकट्याने जमत नाही हेही दिसतं. माझं टाइमटेबल म्हणजे भावाला रोज सांगणं होतं की तुझ्याच्याने होत नाहीये.

तसंच नुसतं बोलून मोकळं व्हा म्हणतात त्याचंही. २००२ मध्ये अमांडा रोज हिने शाळकरी मुलामुलींमध्ये पाहिलं की मित्रमैत्रिणींशी तेच तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणारे एकमेकांच्या जास्त जवळ असतात, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त दिसते. तारखेच्या प्रकरणात आमच्यातल्या तिघा-चौघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला होता हे मला नंतर कळलं, तिथे पाच आठवडे रोज साहेबांच्या नावाने शिमगा चालू होता, मैत्री घट्ट झाली म्हणे, पण ती मुलगी बोलेपर्यंत साहेबांसमोर त्यातला एकही बोलला नाही.

आणि तरीसुद्धा जवळच्या माणसाचं मोल आहेच. २००६ सालचा कोन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, १६ विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून पायाला शॉक बसू शकतो असं सांगितलं. कधी हात धरायला कोणी नाही, कधी अनोळखी माणसाचा हात, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी, आणि ज्यांचं आपसात चांगलं जमत होतं त्यांच्यात ती आणखी कमी. १६ म्हणजे लहानच अभ्यास, फार ताणायचा नाही. पण त्या हाताने कुठलाही सल्ला दिला नव्हता एवढं लक्षात घ्या.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी ते पान काढाल तेव्हा ज्याला ताण आहे त्याला दहा उपाय द्याच, पण अर्धा कॉलम त्याच्या शेजारी बसलेल्यासाठीही ठेवा. मीटिंगमध्ये गप्प बसलेल्याला सांगा की तुझ्या गप्प बसण्याचा कोणीतरी 'याला जमतंय' असा अर्थ लावतोय. साहेब लोकांना सांगा की 'काही अडचण?' असं सगळ्यांसमोर विचारू नका, कागदावर लिहून मागा, ॲशच्या प्रयोगातसुद्धा उत्तर गुपचूप लिहायला दिलं की दाब खूपच कमी झाला होता. घरातल्यांना सांगा की किती झालं हे विचारायच्या आधी त्याच्या डोक्यावरचं एखादं दुसरं काम न सांगता उचला. आणि ते मेंढरांचं चित्र काढून टाका ही खास विनंती.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. पत्र पाठवायच्या आधी भावाला वाचायला दिलं. तो म्हणाला वहिनीने विचारलं नाही एवढंच लिहितोस, पण तिने तेव्हा काही केलं पण होतं का? मग मी सांगितलं की ते चार महिने त्याची बँकेची आणि कागदपत्रांची सगळी कामं तिनेच उरकली होती, पोरांना संध्याकाळी बाहेर तीच घेऊन जायची. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याला वाटत होतं पोरंच शहाणी झाली आहेत. आता त्याने तिला फोन करून आभार मानलेत आणि ती माझ्यावर चिडली आहे.